माळ्यावर उष्णतारोधक थर घालताना या चुका टाळा

माळ्यावर उष्णतारोधक थर घातला, खर्चही झाला, आणि तरीही खालच्या खोल्या पूर्वीसारख्याच तापतात किंवा गारठतात, असे घडते तेव्हा दोष बहुधा साहित्याचा नसतो. ते अंथरण्याआधी आणि अंथरताना जे राहून गेले त्याचा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फटी न बुजवता थेट थर अंथरणे. काचलोकर किंवा रॉकवूल (काचेच्या वा दगडाच्या बारीक तंतूंची लोकर) वाहती हवा अडवत नाही. वायरी आणि नळ जिथून वर येतात ती भोके, आतल्या भिंतींचे माथे आणि माळ्याच्या झाकणाच्या कडा यांतून हवा ये-जा करत राहिली, तर वरचा थर कितीही जाड असला तरी त्याचा लाभ निम्माशिम्माच मिळतो. जुना थर उचलून त्याची खालची बाजू पाहावी: जिथे काळपट, धुळकट डाग असेल तिथून हवा गाळली जात आहे असे समजावे आणि आधी ती फट सीलंटने बंद करावी. झाकणाच्या पाठीवरही थर हवा आणि कडेला रबरी पट्टी हवी. हे काम तासाभराचे असूनही तेच सर्वाधिक वेळा विसरले जाते.

दुसरी चूक थर दाबण्याची. उष्णता अडवण्याचे काम तंतू करत नाहीत, त्यांच्यात अडकलेली स्थिर हवा करते. म्हणून २०० मिलिमीटरचा थर १०० मिलिमीटरच्या जागेत कोंबला किंवा त्यावर ट्रंका आणि खोकी रचली, की त्याची रोधकता बरीच घटते. सामान ठेवायचेच असेल तर फळ्यांसाठी थराहून उंच चौकट उभारावी. तसेच पहिला थर तुळयांच्या मधे आणि दुसरा त्यांना आडवा असा घालावा, कारण तुळयांच्या लाकडातूनही उष्णता जाते.

दमटपणाचा विचार मात्र सावकाश करावा, कारण इथे चूक झाली तर घराचे लाकूडच कुजते. वळचणीपर्यंत थर भरला की तिथून येणारी वाऱ्याची वाट बंद होते. थंडीत थरामुळे माळा पूर्वीपेक्षा गार राहतो, आणि खालून झिरपलेली वाफ वाशांवर व खिळ्यांच्या टोकांवर थेंब होऊन बसते. वळचणीशी सुमारे ५० मिलिमीटरची वाट मोकळी ठेवावी आणि न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यात न सोडता थेट बाहेर काढावी. कुबट वास, वाशांवर काळे ठिपके किंवा ओला थर दिसला तर त्यावर नवा थर घालणे हा उपाय नव्हे. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सहज वाहते, म्हणून गळती वा दमटपणाचे कारण शोधून भिजलेला भाग काढून टाकावा. बाष्परोधक पडदा घालायचा असल्यास तो थंड प्रदेशात थराच्या खाली, म्हणजे घराच्या उबदार बाजूला असावा.

चकाकत्या फॉईलबद्दल एवढेच, की तिच्या चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी लागते. दोन थरांत दाबून बसवलेली फॉईल उष्णतेचे प्रारण परतवू शकत नाही.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. छतात बसवलेल्या दिव्यांवर थर टाकल्यास ते तापून आग लागू शकते, आणि थराखाली गाडलेल्या वायरींची उष्णता बाहेर पडत नाही. पीव्हीसीचे आवरण असलेली वायर थर्माकोलला टेकून राहिली तर कालांतराने ते आवरण ठिसूळ होते, म्हणून दोन्हींत अंतर राखावे.

काम करताना पाय तुळईवरच ठेवावा आणि मास्क, चष्मा, हातमोजे वापरावेत. जुन्या घराच्या माळ्यावर सुट्या, चकचकीत दाण्यांचा थर आढळला तर तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो, आणि त्यात कधीकधी ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे फुप्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज, असते. त्याची तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये.