भात खाचरात शेणखत घालताना: जिवाणू आणि वायूंचे गणित

आजरा, गगनबावडा, राधानगरीच्या खाचरांत पाणी साचले की जमिनीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांतच संपत येतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांतले मिथेन (हवामान तापवणारा वायू) तयार करणारे सर्वांत शेवटी जोर धरतात, आणि कच्चे शेण किंवा ताजा पेंढा हे त्यांचे आयते खाद्य. म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्या: काळपट, भुसभुशीत, उग्र वास नसलेले. एकरी 4 टन पुरे.

पेंढा गाडायचाच असेल तर कापणीनंतर लगेच, ओल असताना नांगरा. उन्हाळ्यात तो हवेत कुजतो, कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. लावणीच्या तोंडावर गाडलात तर जिवाणू नत्र स्वतःसाठी ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) पाला कोवळा, लवकर कुजणारा. गुंठ्याला 30 किलो, चिखलणीच्या आठवडाभर आधी.

चिखलात पाय टाकल्यावर बुडबुडे आणि सडका वास आला, मुळे काळी दिसली, तर पाणी काढा. पावसाने उघडीप दिली की खाचरात पुरलेल्या भोके पाडलेल्या नळीत पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरू द्या, मग पुन्हा 5 सेंमी भरा. हवा शिरली की मिथेन खाणारे जिवाणू वाढतात. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नका.

निचऱ्याच्या तोंडावर युरिया टाकू नका. सुकताना त्याचे नायट्रेट होते, आणि पुन्हा पाणी भरताच त्यातले काही नायट्रस ऑक्साइड (हाही हवामान तापवणारा वायू) होऊन उडते.