अमेरिकेत शाळेच्या बोर्डापुढे आपलं म्हणणं कसं मांडायचं

मी मूळची साताऱ्याची. आता मध्य न्यू जर्सीत राहते आणि माझी दोन्ही मुलं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकतात. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या, म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, बैठकांना मी मतदानाचा हक्क मिळाला नव्हता तेव्हापासून जाते. दर वर्षी शाळा उघडली की ओळखीतल्या मराठी आयांचे फोन सुरू होतात. ग्रंथपालाचं पद गेलं, पाचवीचा बँड बंद झाला, बसचा थांबा हलवला, आता कुणाला सांगायचं? मला मनापासून वाईट वाटतं, कारण सप्टेंबरात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. हे निर्णय मार्च ते मेच्या दरम्यान भर सभेत, एकेका सदस्याचं नाव पुकारून मत घेऊन झालेले असतात. तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर आपण असायला हवं. कसं, ते सांगते.

आधी कारभाराची रचना. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे हा विषय राज्यांकडे गेला आणि राज्यांनी तो बराचसा गावांच्या हाती दिला. देशभरात साधारण 13 हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्था, आहेत, एकट्या न्यू जर्सीत सुमारे 600. बहुतेक ठिकाणी बोर्ड मतदानाने निवडलं जातं. सदस्य बहुधा नऊ, मुदत तीन वर्षांची, मानधन शून्य. सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, नेमणं, शिक्षकांच्या नेमणुका आणि करार मंजूर करणं, अभ्यासक्रम आणि पुस्तकं स्वीकारणं, बजेट मंजूर करणं, ही सगळी कामं या नऊ जणांची. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, पण शिक्षकाची नेमणूक आणि पाठ्यपुस्तक वरूनच ठरून येतं. इथे त्यातलं बरंचसं तुमच्या गावात, तुमच्या शेजाऱ्यांकडून ठरतं.

पहिलं काम म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून नीट वाचा. हप्ते फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये असतात, आणि बिलावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), गाव, शाळा असे वेगळे आकडे छापलेले असतात. राज्याचा विचार केला तर एकूण रकमेतला साधारण निम्मा वाटा शाळांचा असतो. भाड्याने राहत असाल तर हा पैसा भाड्यातून जातोच, म्हणून "आपलं काय आहे इथे" असं म्हणू नका. वॉशिंग्टनकडून येणारा पैसा बहुतेक गावांत एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. बाकीचा राज्याच्या मदतीतून येतो, आणि त्या मदतीसाठी न्यू जर्सीने मोठी लढाई पाहिली आहे. राज्याच्या घटनेत 1875 पासून मुलांना सर्वांगीण आणि कार्यक्षम मोफत शिक्षण देण्याचं बंधन आहे. गरीब गावांतल्या शाळांना पैसा पुरत नाही, हा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1976 च्या जुलैत न्यायालयाने सरळ शाळांवर खर्च करायलाच मनाई केली, तेव्हा कुठे विधिमंडळाने राज्याचा आयकर मंजूर केला. पुढे 1985 पासून याच प्रश्नावरच्या ॲबट खटल्याचे निकाल येत गेले आणि नुअर्क, कॅम्डेन, पॅटरसन यांसारख्या शहरांतल्या शाळांना जास्त मदत द्यावी लागली. बजेटच्या रात्री कुणी म्हणालं, "राज्याने पैसे कापले, आम्ही काय करणार," तर हा इतिहास माहीत असलेला पालक पुढचा प्रश्न विचारू शकतो: किती कापले, आणि त्यासाठी हेच पद का निवडलं?

आता व्हिसाचा प्रश्न, कारण आपली निम्मी माणसं इथेच थांबतात. एच-1बी (नोकरीचा व्हिसा), एच-4 (त्यांच्या कुटुंबाचा) किंवा ग्रीन कार्ड असलं तरी तुम्ही बैठकीला जाऊ शकता, बोलू शकता, कागदपत्रं मागू शकता. मत मात्र देऊ नका, नावही नोंदवू नका. न्यू जर्सीत ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीतच मतदार नोंदणीही होते. तिथल्या स्क्रीनवर नागरिकत्वाचा प्रश्न आला की थांबा, शांतपणे वाचा आणि "नाही" नोंदवा. घाईत चुकीची खूण झाली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना ते फार महागात पडतं, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. हे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला जेवायला बोलावते तेव्हाच सांगते.

आता तारखा. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास गव्हर्नरांचं बजेट भाषण होतं आणि लगेच प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा जाहीर होतो. मार्चमध्ये बोर्ड तात्पुरतं बजेट मंजूर करतं. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते आणि बजेट पक्कं होतं. 15 मे पर्यंत कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी घेणार की नाही ते कळवावं लागतं. नवं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. यातली सगळ्यात कामाची बैठक मार्चची, कारण तेव्हा आकडे अजून हलवता येतात. सुनावणीच्या रात्री सभागृह भरतं खरं, पण तोवर बेरजा जुळवून झालेल्या असतात.

अजेंडा बैठकीच्या काही दिवस आधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर येतो. चाळीस-पन्नास पानं बघून घाबरू नका. पर्सोनेल, फायनान्स आणि करिक्युलम एवढेच तीन भाग उघडा. पर्सोनेलमध्ये राजीनामे आणि निवृत्त्या असतात. निवृत्त झालेल्याच्या जागी नवी नेमणूक दिसत नसेल तर ते पद गुपचूप संपतं आहे असं समजा आणि विचारा. बऱ्याच ठिकाणी डझनभर ठराव एकाच मताने मंजूर होतात, म्हणून आपल्या ठरावाचा क्रमांक लिहून घ्या.

न्यू जर्सीच्या 1975 च्या खुल्या बैठकांच्या कायद्याप्रमाणे शाळा बोर्डाला प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. किती वेळ, ते बोर्ड ठरवतं. आमच्याकडे तीन मिनिटं. आधी नाव आणि गाव सांगायचं. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला फक्त अजेंड्यावरच्या विषयांवर बोलता येतं आणि शेवटी कशावरही. तुम्ही नेहमी सुरुवातीच्या वेळात बोला. शेवटी बोललात तर मत आधीच पडलेलं असतं.

तीन मिनिटांत काय बोलायचं? एकच मागणी, एकच प्रसंग, एकच आकडा. आमच्या मिडल स्कूलमधलं ग्रंथपालाचं पद काढायचं घाटत होतं, तेव्हा मी आधी मराठीत लिहून काढलं. ते साधारण असं होतं:

"बजेटमध्ये मिडल स्कूलच्या ग्रंथपालाचं पद रद्द करायचा प्रस्ताव आहे. ते पद ठेवावं, एवढीच माझी विनंती आहे. माझा मुलगा सहावीत वाचायला तयार नव्हता. ग्रंथपालबाईंनी त्याला रेल्वे इंजिनांचं एक पुस्तक काढून दिलं, मग दुसरं, मग पुलांचं. आता तो स्वतःहून वाचनालयात जातो. या पदावरचा खर्च याच बजेटमधल्या अमुक ओळीवर दिला आहे. त्याच पानावर बाहेरच्या सल्लागारांसाठी याहून मोठी रक्कम आहे. मतदानाआधी या दोन ओळींची तुलना बोर्डाने जाहीरपणे करावी."

मग इंग्रजी केलं, घड्याळ लावून स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं आणि लांबलेली दोन वाक्यं काढली. उच्चार आपला मराठीच राहतो, त्याची लाज वाटू देऊ नका. बोर्डावरची माणसं आकडा टिपून घेतात. कागद बघून वाचलं तरी चालतं. कुठल्याही शिक्षकाचं किंवा दुसऱ्याच्या मुलाचं नाव माइकवर घेऊ नका, आणि उत्तर तिथल्या तिथे मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नका. बरीच बोर्डं फक्त ऐकून घेतात. म्हणून खाली बसण्याआधी लेखी प्रत बोर्डाच्या सेक्रेटरीकडे द्या आणि त्याच रात्री नऊही सदस्यांना ईमेल करा. आणखी दोन पालकांनी त्याच ठरावावर, पण आपापल्या अनुभवातून बोलावं. एकच मजकूर दहा जणांनी वाचला की त्याचं वजन उतरतं. आमचं पद पूर्ण टिकलं नाही. दोन शाळांत मिळून एक ग्रंथपाल राहिली. पण मुलांना वाचनालय उघडं मिळालं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

माहिती कुणी देत नसेल तर लेखी मागा. 2002 पासून लागू असलेल्या सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर अर्ज असतो आणि साधारणपणे सात कामकाजी दिवसांत उत्तर यावं लागतं. "खर्चाची सगळी माहिती द्या" असं लिहू नका. कुठला करार, कुठलं वर्ष, नेमकं सांगा. आपल्याकडे माहितीचा अधिकार वापरलेल्यांना हे लगेच जमतं.

माझे सासरे गावी ग्रामपंचायतीत होते. इथे आले असताना एकदा माझ्याबरोबर बैठकीला आले आणि बाहेर पडताना म्हणाले, "अगं, पण यातला कोण कुठल्या पक्षाचा, ते काही कळलं नाही." मी म्हटलं, "बाबा, कागदावर कुणीच कुठल्याच पक्षाचा नाही." बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, शाळा बोर्डाच्या उमेदवारापुढे पक्ष नसतो. प्रत्यक्षात मात्र गावातले पक्षाचे लोक, शिक्षकांची संघटना, कर कमी करा म्हणणारे गट आपापल्या माणसांमागे उभे असतात. 2021 नंतर तर मास्क, वाचनालयातली पुस्तकं, इतिहास कसा शिकवायचा, यावरून देशभरच्या बैठका पेटल्या. तुम्हाला एखाद्या पुस्तकाबद्दल काही म्हणायचं असेल, बाजूने किंवा विरोधात, तर आधी बोर्डाचं धोरण वाचा. न्यू जर्सीत डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक बोर्डाला वाचनालयातली पुस्तकं निवडण्याचं आणि आक्षेप हाताळण्याचं लेखी धोरण करावं लागतं, आणि लेखकाची पार्श्वभूमी किंवा मतं पटत नाहीत एवढ्यावर पुस्तक काढता येत नाही. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे: स्वतःच्या मुलाने काय वाचावं ते मी ठरवेन, शेजारणीच्या मुलाचं मी ठरवणार नाही. आणि ते पुस्तक आधी अख्खं वाचा.

नागरिकत्व मिळालं की नाव निवडणुकीच्या किमान 21 दिवस आधी नोंदवा. बहुतेक डिस्ट्रिक्टची निवडणूक नोव्हेंबरात असते, काहींची एप्रिलमध्ये. नोव्हेंबरच्या बॅलटवर राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर असं बरंच काही असतं आणि शाळा बोर्ड कुठेतरी कोपऱ्यात असतं. लोक तिथवर पोचतच नाहीत. म्हणून नमुना बॅलट घरी आलं की आधी तेच शोधा. या जागा कधी कधी मोजक्या मतांनी जिंकल्या जातात. नुअर्कने तर 2024 मध्ये 16 आणि 17 वर्षांच्या मुलांना शाळा बोर्डासाठी मताचा हक्क दिला आणि एप्रिल 2025 मध्ये त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. ज्यांच्या शाळा त्यांनाच विचारायचं, ही गोष्ट मला फार आवडली.

स्वतः उभं राहायचं असेल तर अटी थोड्याच आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व, वय 18, मतदार यादीत नाव आणि त्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचं वास्तव्य. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज काउंटी क्लर्ककडे जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत द्यायचा, त्यावर तिथल्या मतदारांच्या ठरावीक सह्या लागतात. जुलैमध्ये अर्धा गाव सुट्टीवर भारतात गेलेला असतो, तेव्हा सह्या जूनमध्येच घेऊन ठेवा, आणि लागतात त्याच्या दुप्पट घ्या, कारण एखाद्याचा पत्ता यादीशी जुळत नाही.