पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमध्ये एसी बसवताना: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

आमच्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. १९८८ मध्ये कर्वेनगरच्या या इमारतीत आल्या, तेव्हा रात्री पंखासुद्धा बंद करून झोपायचो, असं त्या सांगतात. एके काळी मुंबईचे गव्हर्नर पावसाळा काढायला गणेशखिंडीत येऊन राहत, असं हे हवेशीर गाव. म्हणूनच जुन्या पुण्यातली घरं एसीचा विचार करून बांधलेलीच नाहीत. वायरिंग तशी नाही, आउटडोअर (एसीचा बाहेर बसणारा भाग) ठेवायला जागा नाही, पाणी जायला वाट नाही. खर्च वाढतो तो इथे.

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. गेल्या सहा-सात वर्षांत एसीच्या परवानगीचे अर्ज आणि त्यानंतरच्या तक्रारी, दोन्ही माझ्याकडेच आले. यंदा स्वतःच्या घरी एसी बसवला, तेव्हा हिशोब वहीत मांडून ठेवला. माझं ठाम मत झालंय: पुण्यात मशीनवर जास्तीचे पैसे घालू नका, ते बसवण्यावर घाला.

सुरुवात मात्र दुकानातून करू नका, छतापासून करा. आम्ही चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. मेमध्ये एकदा रात्री अकराला स्टुलावर चढून मी स्लॅबला तळहात लावला, तर नुकतीच इस्त्री केलेल्या साडीच्या घडीसारखा गरम. सूर्य मावळून चार तास झाले होते. अशा खोलीत एसी लावला की तो आधी स्लॅबशी झुंजतो, मग माणसाला गार करतो. आम्ही कमिटीची परवानगी घेऊन त्या खोलीवरच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग दोन हात दिला. रंग आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये गेले. त्याच्यामुळे दीड टनाचा विचार सोडून एक टनावर भागलं. खोली दहा बाय बाराची. मधल्या मजल्यावर असाल तर एवढ्या खोलीला एक टन सहज पुरतो. पश्चिमेची मोठी खिडकी असेल तर बाहेरून ताडपत्री किंवा वाळ्याचा पडदा लावा, आतला पडदा फारसं काही करत नाही.

टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ताकद. तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक).

आता लेबलवरच्या स्टारचं, जितके जास्त तितकी वीज कमी. दुकानात प्रत्येक जण पाच स्टारच दाखवतो. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो, तो वर्षाला १,६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. पुण्यात तुम्ही किती तास चालवणार? आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत, रोज रात्री सहा तास. ऐंशी दिवस धरले तर ४८० तास. मी पाहिलेल्या एक टनाच्या दोन मशीनच्या, एक तीन स्टारचं आणि एक पाच स्टारचं, लेबलवर साधारण १५० युनिटांचा फरक होता. ४८० तासांना तो पंचेचाळीस युनिटांवर येतो. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाला सहाशे रुपयांची बचत. किमतीतला फरक होता साडेआठ हजार. तो भरून निघायला चौदा वर्षं लागली असती. मी तीन स्टारचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घेतला. दिवसभर घरून काम करणाऱ्यांचं किंवा घरात दोन-तीन एसी असणाऱ्यांचं गणित वेगळं येईल, त्यांनी आपले तास घालून हेच गणित करावं. लेबलवरचं वर्षही बघा. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच स्टार आणि नव्याचे पाच स्टार सारखे नसतात.

हिवाळ्यासाठी गरम हवाही देणारा 'हॉट अँड कोल्ड' घ्या म्हणून दुकानदार मागे लागला होता. पुण्यातल्या थंडीला त्याची गरज नाही, रजई पुरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, दर विचारताना तो धरूनच विचारा. वॉरंटी कॉम्प्रेसरची दहा वर्षं आहे म्हणून खूश होऊ नका, पीसीबीची (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची) किती ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

माझ्या वहीतले आकडे असे. मशीन ३३,९९०. बसवणावळ जीएसटीसकट १,७७०. आउटडोअरचा स्टँड ९००. मशीनबरोबर तीन मीटर तांब्याचा पाइप आला, लागला साडेपाच मीटर, म्हणून वरच्या अडीच मीटरचे ८५० रुपये मीटरने २,१२५. भिंतीला भोक पाडायचे ५००, ड्रेन पाइपचे ६००. वायरिंगचे ५,८००. मशीन सोडून ११,६९५ झाले, एकूण ४५,६८५. 'मोफत इन्स्टॉलेशन' या शब्दात यातलं फारसं काही येत नाही. मेकॅनिक येण्याआधी आउटडोअर आणि इनडोअरच्या जागा ठरवून पाइपच्या वाटेवर सुतळी धरा आणि ती मोजा, म्हणजे पाइपचा खर्च आधीच कळतो.

वायरिंगमध्ये काटकसर नको. आमच्या इमारतीत मूळची वायर ॲल्युमिनियमची होती. खालच्या मजल्यावर एकांनी गिझरच्या पॉइंटवरूनच एसी घेतला होता, महिन्याभरात सॉकेट वितळून काळं झालं. मुख्य बोर्डापासून चार चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन, तिला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग एवढं हवंच. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघा. आमचा एकच किलोवॅट होता. महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करून तो आधी वाढवून घेतला. स्टॅबिलायझर आम्ही घेतला नाही. मशीन किती व्होल्टेजपर्यंत सांभाळतं ते माहितीपत्रकात असतं, आपल्या भागातला दाब त्यात बसत असेल तर नुसते पैसे वाया.

आउटडोअरची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: सर्व्हिसिंगला येणारा मुलगा कुठे उभा राहणार? छज्ज्यावर, दोरीशिवाय, चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी मुलगा उभा असलेला मी पाहिलाय, खाली उभी राहून माझेच पाय कापत होते. तेव्हापासून बाल्कनीतून हात पोचेल अशीच जागा असेल तर आमची कमिटी परवानगी देते. त्यासाठी पाइप दोन मीटर जास्त लागला तरी चालेल. खिडकीच्या ग्रिलवर मशीन टांगायचं नाही, स्टँड अँकर बोल्टने पक्क्या भिंतीला.

मग गॅस. इथे उभं राहून लक्ष द्या. आमच्याकडे आलेला मुलगा व्हॅक्यूम पंपाशिवायच आला. म्हणाला, "काकू, थोडा गॅस सोडून आतली हवा काढून टाकतो, सगळे तसंच करतात." मी म्हटलं, "अरे, उद्या ये, पण पंप घेऊन ये." पाइपात हवा आणि दमट वाफ राहिली की गारवा कमी मिळतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. शिवाय मशीनमधला आर-३२ हा गॅस थोडा ज्वलनशील आहे, तो खोलीजवळ मोकळा सोडायची वस्तू नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने पंप लावला, मीटरचा काटा शून्याखाली गेला, वीस मिनिटं पंप चालला. मग पंप बंद करून आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. दहा मिनिटांत तो जागचा हलला नाही, तेव्हा व्हॉल्व्ह उघडला. शेवटी दोन्हीकडच्या नटांवर साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडा आला नाही. हे सगळं होऊन चहा पिऊन तो गेला. जास्तीचा वेळ गेला फक्त पाऊण तास.

मेकॅनिक निघण्याआधी इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला लावा. ते बाहेर गेलं तर उतार बरोबर आहे. सोसायटीतली निम्मी भांडणं एसीच्या थेंबांवरून होतात. आम्ही ड्रेन पाइप थेट खाली बागेपर्यंत नेला, म्हणून ते ६०० रुपये. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं आणि नीट बुजवलेलं, नाहीतर जुलैत पाऊस त्याच वाटेने घरात येतो.

चालवताना आम्ही २६ वर ठेवतो आणि पंखा एकवर. पहाटे तीनच्या सुमाराला बाहेरची हवा गार होते, तेव्हा टायमरने एसी बंद होतो आणि सासूबाई स्वतः उठून खिडकी उघडतात. एरवी आमचं बिल १४० युनिटांचं, एप्रिलमध्ये २५० झालं. तीनशेच्या वर गेलं की विजेच्या दराचा पुढचा, महाग टप्पा लागतो, तो ओलांडायचा नाही हे मी धरून चालते.

होळीनंतर मेकॅनिकची तारीख मिळत नाही, म्हणून खरेदी आणि दर वर्षीची सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच उरकते. जाळ्या दर पंधरा दिवसांनी नळाखाली घरीच धुवायच्या. आणि कुणी दर वर्षी 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' म्हणून अडीच हजार मागितले, तर आधी गळती कुठे आहे ते दाखव म्हणायचं. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती गळती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या मेपर्यंत पुन्हा उडून जातो.