घरातला जुना रुमाल सोडण्यापूर्वी

नागपुरात महाल आणि इतवारीतल्या जुन्या वाड्यांतून आजही कापडात बांधलेले कागदांचे रुमाल निघतात. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला; त्या पुढच्या काळातल्या मालगुजारीच्या (जमीन महसुलाच्या) पावत्या, बंदोबस्ताचे (जमिनीच्या मोजणी-आकारणीचे) उतारे आणि कोर्टाच्या मिसली (खटल्यांच्या फायली) यांचाच भरणा अशा संग्रहात बहुधा असतो.

रुमाल सोडताच कागद तारखेनुसार लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. मी पहिल्याच रुमालातल्या पावत्या उत्साहाने वर्षवार लावल्या आणि तळाशी उरलेला एक मोडी चिठोरा बाजूला ठेवला. पुढे तो वाचून घेतला तेव्हा कळले, की ती त्याच रुमालाची क्रमवार यादी होती. कोणती पावती कोणत्या शेताची, हे सांगणारा मूळ क्रम तोवर मीच मोडून टाकला होता. म्हणून कागद ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने त्याच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने रुमाल क्रमांक आणि कागद क्रमांक लिहावा, आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. कोरी वाटणारी बाजू वगळू नये, कारण घडी घातल्यावर बाहेर येणाऱ्या पट्टीवरच मजकुराचा सारांश लिहिलेला असतो.

तारीख नसेल तर तिकिटावरचा चेहरा पाहावा. ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड १९०१ साली गादीवर आला; त्याचे तिकीट असेल तर कागद त्यापूर्वीचा नाही, एवढे नक्की. मात्र जुना साठा पुढेही वापरला जाई, म्हणून त्यावरून शेवटची मर्यादा ठरवू नये. फसली सनात (महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्षात) ५९० आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, काही महिन्यांत एकाचा फरक पडतो.

हे काम दिवाळी ते होळी या दिवसांत करावे. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात जुना कागद घडीवरच तुटतो, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. आपल्याकडे आणखी एक शत्रू म्हणजे कूलर: ज्या खोलीत तो दिवसभर ओला वारा फेकतो, तिथे कागदाचे कपाट ठेवणे म्हणजे उन्हाळ्यातच पावसाळा बोलावणे होय.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून त्यांची टोके हळूच उघडावीत. सेलोटेप आणि लॅमिनेशन पूर्णपणे टाळावे, कारण टेपचा डिंक कागदात मुरतो आणि लॅमिनेशन कागदाला धक्का न लावता काढता येत नाही. शाईने जिथे कागद खाऊन भोके पाडली आहेत, ते पान उलगडण्याच्या भानगडीत न पडता आम्लरहित कागदात आडवे ठेवावे. मोडी जाणणाऱ्याला मूळ कागद हाताळायला न देता छायाचित्रच दाखवावे.