उंचावर पाऊस लागला की होणाऱ्या या चुका टाळा

चार हजार मीटरवर पाऊस गाठतो तेव्हा बहुतेक जण एकच वाक्य म्हणतात, "थांबेल इतक्यात." जॅकेट सॅकच्या तळाशी असतं, ते काढायचा कंटाळा येतो आणि तसंच चालत राहतात. मग जॅकेट घालेपर्यंत आतला थर ओला झालेला असतो. म्हणून जॅकेट सगळ्यात वर ठेवा आणि पहिले थेंब पडले की लगेच घाला. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. खाली जी रिमझिम होती, तीच खिंडीत गारा किंवा बर्फ होऊन येते.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. सकाळी थंडी वाजते म्हणून फ्लीस (मऊ, उबदार जॅकेट), त्यावर रेन जॅकेट घालून चढायला लागायचं. अर्ध्या तासात माणूस आतून घामाने निथळतो. पावसाने भिजा की घामाने, थांबल्यावर गारठा तोच. निघताना थोडी थंडी वाजायलाच हवी, पाच-दहा मिनिटांत अंग तापतं. फ्लीस थांब्यासाठी कोरडा राखा. कॉटनचा टी-शर्ट आणि जीन्स मात्र नकोच. पाणी धरून ठेवतात आणि वाळता वाळत नाहीत. पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं.

सॅकच्या रेन कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी आत शिरतंच. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला. स्लीपिंग बॅग आणि कपड्यांचा एक कोरडा जोड त्यात ठेवा. हा जोड फक्त तंबूतला. सकाळी पुन्हा तेच ओले कपडे अंगावर चढवायचे. नको वाटतं, पण दोन्ही जोड भिजले तर पुढची रात्र काढणं अवघड होतं.

सगळ्यात जास्त घात करतो तो लांबलेला थांबा. एकदा खिंडीखाली आम्ही वीस मिनिटं बसलो. उठताना सोबत्याला सॅकचं बक्कल लागेना. दोन्ही तुकडे हातात होते, बोटं चाचपडत होती, पण एकात एक जाईना. "होतंय, होतंय," म्हणाला, तेही जड जिभेने. तेव्हा ओळखलं. तंबूच्या कापडाच्या आडोशाला ओले कपडे उतरवले, कोरडा फ्लीस आणि टोपी घातली, खाली मॅट टाकली, गरम गोड पाणी घोट घोट पाजलं. तो नीट बोलायला लागल्यावर खिंड सोडून खाली उतरलो. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. माणूस गप्प होतो, ठेचकाळतो, चिडतो. अंग गारच असताना कुडकुडणं बंद झालं, तर धोका वाढलाय. अशा माणसाला चालवू नका, हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात देऊ नका. आडवं ठेवून गरम राखा आणि मदत बोलवा.

इथेच आणखी एक गफलत होते. अडखळणं, गोंधळणं हे विरळ हवेमुळे मेंदूला सूज आल्याचंही लक्षण असतं. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येत नसेल तर "थकलाय" म्हणून झोपवू नका. त्याला आधार देऊन किंवा उचलून खाली न्या, उजाडायची वाट पाहू नका.

ओढा गढूळ असेल, पाण्याखाली दगड आपटल्याचा आवाज येत असेल, तर उतरू नका. पार करायचाच असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा. वीज चमकून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर डोंगराची धार सोडून खाली या.

पावसात तहान जाणवत नाही, त्यामुळे पाणी आठवणीने प्यावं लागतं. खाऊ खिशात ठेवा, म्हणजे थांबावं लागणार नाही. आणि रात्री बूट गोठतील असं वाटलं, तर पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पायापाशी घ्या. सकाळी कडक झालेल्या बुटात पाय घालायला अर्धा तास जातो आणि तेवढ्यात बोटं पुन्हा बधिर होतात.