चॉकलेट फ्लॉवर लावायचं असेल तर

पहिलं सांगणं: शेणखत, कंपोस्ट काही घालू नका. चॉकलेट फ्लॉवर, म्हणजे बर्लँडिएरा लायराटा, हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको, ॲरिझोना, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतल्या कोरड्या माळांवरचं बहुवर्षायू फूल. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात माझ्या अंगणात नुसता मुरूम आहे आणि वर्षाला जेमतेम नऊ इंच पाऊस पडतो. तिथे ते खुशाल आहे. सुपीक मातीत मात्र फांद्या माजतात आणि जमिनीवर लोळतात.

दिवसभर ऊन आणि पाण्याचा झटपट निचरा, एवढं बघून जागा ठरवा. ती नीटच ठरवा, कारण याचं सोटमूळ जाड असतं आणि खोल जातं. मोठं झालेलं झाड हलवायच्या भानगडीत पडू नये. नर्सरीतही मी लहानात लहान कुंडीतलं रोप उचलते. फुलांनी लगडलेल्याला भुलत नाही.

बी लावायचं तर धुकं-दहिवर गोठायचे दिवस सरल्यावर, जमीन उबदार झाली की थेट जागेवर टाका. वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि रोप दिसेपर्यंत ओल टिकवा. दोन रोपांत दीड फूट तरी अंतर हवं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण खोलवर मुरेल असं पाणी द्या. पुढे हात आखडता घ्या.

दुपारी फुलं माना टाकतात, पाकळ्या लोंबतात. तेव्हा पाइप घेऊन धावू नका! हे फूल रात्री उमलतं आणि उन्हाच्या तडाख्यात मिटतं, तो त्याचा नेमच आहे. कोकोचा वासही सकाळीच. म्हणून ते येण्या-जाण्याच्या वाटेलगत लावावं. कुंपणापाशी लावलंत तर वास शेजाऱ्यांना.

बी गोळा करताना बरेच जण मधली तपकिरी चकती चोळत बसतात. तिथे काही मिळत नाही. बी फक्त कडेच्या पिवळ्या पाकळ्यांच्या बुडाशी धरतं, म्हणजे एका फुलात साधारण आठ. पाकळ्या गळल्यावर हिरवी बशी उरते (ती फुलदाणीतही छान दिसते). ती वाळून तपकिरी झाली की खुडा आणि कागदी पाकिटात ठेवा. काही बश्या झाडावरच राहू द्या. पुढच्या वर्षी आसपासच्या खडीत आपोआप रोपं येतील. हलवायची असतील तर दोन-चार पानांची असतानाच, खुरपी खोल घालून काढा.