कोरड्या यीस्टच्या पुडीत जिवंत पेशी किती? मोजण्याची पद्धत

यीस्ट पाण्यात घातलं आणि फेस आला की ते जिवंत आहे एवढं कळतं. पाव करायला तेवढं पुरतं, पण प्रयोगशाळेत आकडा लागतो. चांगल्या प्रतीच्या १ ग्रॅम कोरड्या बेकर्स यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीमध्ये, साधारण हजार ते दोन हजार कोटी पेशी असतात. त्यांतल्या जिवंत किती, हे मेथिलीन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या दाखवणारा रंग) आणि हेमोसायटोमीटर (पेशी मोजण्यासाठी बारीक चौकोन आखलेली काच) वापरून तासाभरात मोजता येतं. आकडा चुकतो तो बहुतेकदा पहिल्याच पायरीला, यीस्ट भिजवताना.

भिजवणं

१ ग्रॅम यीस्ट मोजून घ्या. बीकरमध्ये ३८ ते ४० अंश सेल्सिअसचं १० मिली निर्जंतुक नळाचं पाणी घ्या आणि त्यावर यीस्ट भुरभुरवा. १० मिनिटं ढवळू नका. मग हलक्या हाताने गोल फिरवा, आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत एकूण १०० मिली करा. तापमान थर्मामीटरनेच बघा, बोटाचा अंदाज इथे चालत नाही.

एवढी काळजी का? कोरड्या पेशीच्या पटलातली मेदद्रव्यं घट्ट रचलेली असतात. पाणी आत शिरताना ती पुन्हा प्रवाही व्हावी लागतात. पाणी गार असेल तर हा बदल होता होता पटल गळतं आणि आतला माल बाहेर येतो. त्यात ग्लुटाथायोन असतं. ते ग्लुटेनचे गंधकबंध तोडतं, म्हणून गार पाण्यात भिजवलेल्या यीस्टची कणीक सैल आणि चिकट होते. ऊर्ध्वपातित पाण्यातही गळती वाढते. पाणी ५५ अंशांच्या वर गेलं तर पेशी सरळ मरतात. विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं असेल तर १०, २५ आणि ३९ अंश अशी तीन बीकर शेजारी ठेवा. पुडी एकच असूनही निळ्या पेशींचं प्रमाण किती बदलतं ते स्वतः मोजलं की भिजवण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

रंग देणं

०.०१ ग्रॅम मेथिलीन ब्लू थोड्या पाण्यात विरघळवा, २ ग्रॅम सोडियम सायट्रेट घाला, १०० मिली करा आणि गाळून घ्या. न गाळलेल्या रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मेलेल्या पेशींसारखे दिसतात. भिजवलेलं यीस्ट नीट हलवून त्यातलं १ मिली ९ मिली पाण्यात मिसळा. या विरळ द्रावाचं १ मिली आणि रंगाचं १ मिली एकत्र करा. मूळ द्राव आता २० पट विरळ झाला आहे. ५ मिनिटं थांबा, आणि १० मिनिटांच्या आत मोजून मोकळे व्हा. जिवंत पेशी रंगाचं क्षपण (रिडक्शन) करून तो रंगहीन करते. मेलेली पेशी ते करू शकत नाही आणि निळी राहते. फार वेळ ठेवलं तर अशक्त पेशीही निळ्या होऊ लागतात.

मोजणं

हेमोसायटोमीटरची जाड कव्हरस्लिपच वापरा. साधी पातळ काच वाकते आणि ०.१ मिमीची खोली बदलते. कडेने १० मायक्रोलिटर सोडा. खाचेत ओघळलं तर पुसून पुन्हा भरा. ४०चं ऑब्जेक्टिव्ह लावा, कंडेन्सर थोडा खाली घ्या आणि डायफ्रॅम बराच बंद करा. प्रकाश भरपूर ठेवला की रंगहीन पेशी काचेत विरून जातात, फक्त निळ्या उठून दिसतात आणि यीस्ट विनाकारण मेलेलं ठरतं.

मधल्या २५ चौकोनांपैकी चार कोपऱ्यांतले आणि मधला, असे पाच मोजा. वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेली पेशी धरा, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडा. कळी आईपेशीच्या निम्म्याहून मोठी असेल तर स्वतंत्र पेशी धरा, लहान असेल तर धरू नका. गडद निळी ती मेलेली. फिकट निळी आम्ही जिवंतांत धरतो, पण वहीत वेगळी लिहितो. कुठलाही नियम पाळा, पण मध्येच बदलू नका.

समजा पाच चौकोनांत १८४ पेशी आल्या, त्यांतल्या २८ निळ्या. १८४ गुणिले ५ (पाचांवरून २५ चौकोन), गुणिले १०,००० (२५ चौकोनांवरून १ मिली), गुणिले २० (विरळ केलं ते), म्हणजे मूळ द्रावात दर मिलीला १८.४ कोटी. १०० मिलीत १ ग्रॅम होतं, म्हणून दर ग्रॅमला १,८४० कोटी. जिवंत १५६, म्हणजे सुमारे ८५ टक्के. याहून बरीच कमी टक्केवारी आली तर मेथिलीन ब्लूवर भिस्त ठेवू नका, कारण तिथे हा रंग जिवंत पेशी जास्त दाखवतो. अशा वेळी पेशी प्लेटवर वाढवून वसाहतीच मोजा.

प्लेटवर पडताळा

५०० मिली वायपीडी अगारसाठी (यीस्ट वाढवण्याचं घट्ट माध्यम) यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, पेप्टोन १० ग्रॅम आणि अगार १० ग्रॅम ४५० मिली पाण्यात घालून १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. २० टक्के ग्लुकोजचं ५० मिली द्राव वेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळा. एकत्र तापवलं तर साखर आणि पेप्टोनची अभिक्रिया होऊन माध्यम तपकिरी होतं. पुडी निर्जंतुक नसते, लॅक्टिक आम्लाचे जिवाणू बरेचदा सोबत येतात. त्यासाठी दर लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल, म्हणजे जिवाणूंना रोखणारं प्रतिजैविक, घाला.

मूळ द्राव १ मिलीला ९ मिली असा पाच वेळा विरळ करा, प्रत्येक वेळी नवीन पिपेट घ्या, आणि शेवटच्या नळीतलं ०.१ मिली पसरवा. काचदांडी ज्योतीतून काढल्यावर अगारच्या कडेला टेकवून गार करा. ३० अंशांवर ४८ तास ठेवा. वरच्या उदाहरणात १५६च्या आसपास वसाहती, म्हणजे पेशी वाढून झालेले ठिपके, यायला हव्यात. शंभरच आल्या तर लगेच प्रयोग फसला म्हणू नका: गुठळीतल्या पाच पेशींची वसाहत एकच होते, आणि रंग घालवू शकणारी प्रत्येक पेशी विभागू शकतेच असं नाही. दोन्ही आकडे लिहा. उन्हाळ्यात खोली ३८ अंशांपर्यंत जात असेल तर प्लेट बाहेर ठेवू नका, वसाहती बारीक राहतात.

अधूनमधून एखादी वसाहत शेजारणींपेक्षा स्पष्ट लहान दिसेल. तीच टूथपिकने उचलून, ग्लुकोजऐवजी ३ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर टेकवा, बाजूला एक मोठी वसाहतही टेकवा. ग्लिसरॉल आंबवता येत नाही, त्यावर जगायला श्वसन लागतं. चार दिवसांत मोठी वाढली आणि लहान वाढली नाही, तर तुमच्या हाती ‘पेटीट’ आहे: मायटोकॉन्ड्रियाचं कामकाज गमावलेलं यीस्ट, ज्याचा अभ्यास बोरिस एफ्रुसी यांनी १९४०च्या दशकात पॅरिसमध्ये सुरू केला. या प्लेटमध्ये मात्र क्लोरॅम्फेनिकॉल घालू नका. ते मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिननिर्माणही अडवू शकतं, मग धडधाकट वसाहतही पेटीटसारखी वागेल. आणि पुढे जनुकशास्त्राचं काम करायचं असेल तर पुडीतलं यीस्ट बाजूला ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून माहितीचा, शुद्ध वाण मागवा.